शतपावली पुरत नाही

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते, आणि प्रकृती ठणठणीत असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम. म्हणजे चहात घालतो तो एक चमचा. आता दुपारचे ताट बघा. दोन पोळ्या, वाटीभर भात, वरण, बटाट्याची भाजी. यातून पचून रक्तात उतरणारी साखर सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या घरात जाते. जिथे चमचाभर साखर नांदते तिथे दोन-तीन तासांत पंधरा चमचे येऊन पडतात, आणि तरीही निरोगी माणसाची शुगर जेवणानंतर सहसा १४०च्या वर जात नाही. मग ही साखर जाते कुठे? मधुमेहाच्या चर्चेत हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, कारण साखर येते कुठून यावरच आपण अडून बसलेले असतो. भात सोडला, आंबा सोडला, बटाटा सोडला, चहातली साखर सोडली. येणाऱ्या मालावर जकात बसवून झाली, पण माल उतरवून घेणारे कोठार उघडे आहे की बंद, याची चौकशी राहून गेली. ते कोठार म्हणजे आपले स्नायू. इन्सुलिनच्या हुकमाने रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेपैकी सत्तर-ऐंशी टक्के वाटा मांड्या, पोटऱ्या, पाठ, दंड यांतले स्नायू घेतात. व्यायामाने वजन उतरते आणि वजन उतरले की शुगर उतरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही, पण अर्धवट आहे. व्यायामाचा पहिला आणि थेट परिणाम या कोठारावर होतो, वजनकाटा हलो वा न हलो. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली, तर व्यायाम कसला करायचा, केव्हा आणि किती, याची उत्तरे बरीच बदलतात.

स्नायूच्या पेशीत साखर आपोआप शिरत नाही. तिला आत घेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिने पेशीच्या पोटात दडून असतात. इन्सुलिनने बाहेरून दार ठोठावले की ती पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. टाइप-२ मधुमेहात हे ठोठावणे आत नीट ऐकू जात नाही. स्वादुपिंड बिचारे जास्त इन्सुलिन पाठवते, दार आणखी जोरात वाजते, आणि वर्षानुवर्षे असे चालल्यावर स्वादुपिंडही थकते. पण या कोठाराला एक मागचे दारही आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याला इंधन लागते, आणि ग्लुट-४ इन्सुलिनची वाट न पाहता वर येते. महत्त्वाचे म्हणजे टाइप-२च्या रुग्णांत पुढच्या दाराची कडी गंजलेली असली, तरी हे मागचे दार चांगले चालते. व्यायाम थांबल्यावरही काम संपत नाही. साठ्यातली साखर वापरून रिकामा झालेला स्नायू ती भरून काढायला बघतो, आणि पुढचा साधारण दिवस-दीड दिवस, फार तर दोन दिवस, इन्सुलिनची हाकही त्याला अधिक चांगली ऐकू येते. त्यानंतर परिणाम ओसरतो. म्हणून व्यायामात लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, असे मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेले असते. रविवारी सिंहगड चढून आलेल्या माणसाची बुधवारची शुगर त्या चढाईला ओळखत नाही. सोमवारची गोळी गुरुवारी चालत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. व्यायामाच्या बाबतीत मात्र रोज सांगावे लागते.

हे ज्ञान आजचे नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाला व्यायाम आणि कुस्ती सांगितली आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही आणि नातलगही नाहीत, त्याने पायात काही न घालता, छत्रीशिवाय शंभर योजने चालत जावे, गुरांमागे फिरावे, शेत कसावे नाहीतर विहीर खणावी, असे तिथले उपचार आहेत. (अनवाणी चालण्याचा भाग आज कोणी पाळू नये. का, ते पुढे येईलच.) अलीकडच्या काळात यायचे तर, इन्सुलिन वापरात आले १९२२ साली, आणि १९२६ मध्ये लंडनच्या आर. डी. लॉरेन्स या डॉक्टरांनी दाखवून दिले की इन्सुलिनच्या त्याच मात्रेनंतर हालचाल केली तर शुगर जास्त उतरते. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि इन्सुलिनमुळेच वाचले होते. थोडक्यात, व्यायामाची बाजू शंभर वर्षांपूर्वीच मांडून झाली होती. तरीही दवाखान्यातल्या कागदावर आजही गोळीचे नाव, तिचे मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, हे सगळे असते आणि खाली एक शब्द असतो, ‘चाला’. किती, केव्हा, कसे, काही नाही. मात्रा न सांगता दिलेल्या औषधाची जी गत व्हायची, तीच या एका शब्दाची झाली आहे.

पुरावा काय सांगतो ते पाहू. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी आता सगळ्यांच्या ओळखीची आहे. २००१ मध्ये चौदा चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा व्यायाम करणाऱ्या गटाची एचबीए१सी न करणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.६६ने कमी निघाली, आणि दोन्ही गटांच्या वजनात मात्र दखल घेण्याजोगा फरक नव्हता. कोठाराचा मुद्दा इथे सिद्ध होतो. वजन जागच्या जागी आणि साखर खाली. शून्य पूर्णांक सहा म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात या आकड्यात एक टक्का घट झालेल्या रुग्णांमध्ये डोळे, मूत्रपिंड अशा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतीचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी दिसले होते. काही गोळ्यांचा परिणामही याच पट्ट्यात असतो. २०११ मध्ये साडेआठ हजारांहून अधिक रुग्णांच्या ४७ चाचण्या एकत्र करून आणखी एक विश्लेषण झाले, आणि मला ते सर्वांत बोलके वाटते. ठरवून, मोजून, कोणाच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने एचबीए१सी सरासरी ०.६७ने उतरली. आठवड्याला दीडशे मिनिटांपेक्षा जास्त व्यायाम करणाऱ्यांत ०.८९, त्याहून कमी करणाऱ्यांत ०.३६. आणि जिथे रुग्णाला नुसता ‘हालचाल वाढवा’ असा सल्ला दिला होता, आहाराचेही काही सांगितले नव्हते, तिथे फरक जवळजवळ पडलाच नाही. म्हणजे व्यायाम काम करतो, सल्ला करत नाही. मात्रा वाढली की परिणाम वाढतो, हा तर औषधाचाच गुण झाला.

मधुमेह अजून झालेला नाही, पण ‘बॉर्डरवर आहे’ असे ज्यांना सांगितले जाते, त्यांच्याबाबतही बळकट पुरावा आहे. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ साली ५७७ जणांवर सुरू झालेल्या अभ्यासात सहा वर्षांनी नुसत्या व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघाले. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आहार, व्यायाम आणि वजन घटवणे यांनी मिळून ही घट ५८ टक्के झाली, तर मेटफॉर्मिनने ३१. आपल्याकडच्या आकड्यांत एवढा थाट नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात जीवनशैलीतल्या बदलाने २८.५ टक्के घट झाली, मेटफॉर्मिनने २६.४, आणि दोन्ही एकत्र दिले तरी जास्तीचा फायदा नाही. पण या अभ्यासात एक बारकावा आहे. जे आधीच अंगमेहनतीचे काम करत होते किंवा रोज अर्ध्या तासाहून जास्त चालत वा सायकल चालवत होते, त्यांना वेगळा व्यायाम सांगितलाच नाही. आहे ते चालू ठेवा, एवढेच सांगितले. हमालाला, शेतमजुराला जॉगिंग शिकवायचे नसते. प्रश्न खुर्चीत बसणाऱ्यांचा आहे.

आणि बारीक दिसणाऱ्यांचाही आहे. ‘मी कुठे जाडा आहे?’ हा मराठी घरांतला पेटंट आक्षेप. त्याचे उत्तर पुण्यातूनच आलेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी उभा राहून काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यासाठी दोघे सारखे, इन्सुलिनच्या दृष्टीने दोन वेगळी शरीरे. याज्ञिकांच्या गटाने हा धागा थेट जन्मापर्यंत मागे नेला. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत जे कमी होते त्यात स्नायूंचा वाटा मोठा होता, चरबी त्या मानाने टिकून होती. हडकुळे पण चरबीदार, असे हे आपले शरीर. आपले कोठार मुळातच लहान बांधलेले आहे. म्हणून नुसते वजन उतरवण्याच्या मागे लागणे आपल्याला युरोपीय माणसाइतके पुरत नाही. उपाशी राहून वजन घटवले तर चरबीबरोबर स्नायूही झडतो, म्हणजे आधीच तोकडे कोठार आणखी आकसते. चाळिशीनंतर तर ते वयानेच आकसत असते.

यातून जो निष्कर्ष निघतो तो आपल्या सवयीला मानवत नाही. फक्त चालून भागणार नाही. स्नायूंना जोर लागेल असा व्यायामही हवा. कॅनडात २५१ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसते एरोबिक व्यायाम करणाऱ्यांची एचबीए१सी व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत ०.५१ने उतरली, नुसते वजन उचलणाऱ्यांची ०.३८ने, आणि दोन्ही करणाऱ्यांची ०.९७ने. (दोन्ही करणाऱ्यांचा एकूण वेळ जास्त होता, हेही खरे. पण २०१० साली अमेरिकेत वेळ साधारण सारखा ठेवून पुन्हा तपासले, तेव्हाही दोन्ही मिळून करणारा गटच सरस ठरला.) ‘वजन उचलणे’ म्हटले की आपल्यासमोर जिममधली आरशापुढची पोरे उभी राहतात आणि साठीच्या काकू हसून विषय टाळतात. पण त्यांच्यासाठी व्यायामशाळा हीच की जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीशी घडी घालायचे आणि हाताचा आधार न घेता दहा वेळा उठायचे-बसायचे. थोडी विश्रांती, पुन्हा दहा. भिंतीला हात टेकून ‘जोर’ काढायचे. लिटरभर पाण्याची बाटली हातात धरून खांद्याच्या वर न्यायची. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सोपे वाटायला लागले की वाढवायचे, कारण सवय झालेल्या स्नायूला वाढायचे कारण उरत नाही. जोर-बैठका आणि आखाडा ज्या मुलखात घरोघरी माहीत होता, तिथे हे नव्याने सांगावे लागते, हे जरा गमतीचेच आहे.

दुसरा बदल वेळेचा. आपल्याकडे फिरणे म्हणजे सकाळचे फिरणे. ते चांगलेच आहे, हवा बरी, रस्ते मोकळे. पण साखरेचा पूर येतो जेवणानंतर, आणि भारतीय ताटात पिष्टाचा भाग मोठा असल्याने तो आपल्याकडे मोठाच येतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात ४१ रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला आणि २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. काही दिवस रोज एकदा, वाटेल तेव्हा तीस मिनिटे चाला. आणि काही दिवस तीच तीस मिनिटे तोडून प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चाला. दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी. सर्वांत जड जेवण रात्रीचे आणि त्यानंतर सर्वांत जास्त बसणे, हे तिथेही आपल्यासारखेच. हे वाचताना मराठी माणसाला शतपावली आठवणारच. कल्पना अचूक होती, आकडा तेवढा चुकला. बऱ्यापैकी चालीने शंभर पावले एका मिनिटात होतात. दहा मिनिटांना हजार लागतात. शिवाय आपली शतपावली गॅलरीतून बैठकीच्या खोलीपर्यंत, नजर टीव्हीवर आणि चाल लग्नातल्या वरातीची. चालीची कसोटी सोपी आहे. सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

या कसोटीवर नेहमीचे आक्षेप तपासता येतात. ‘घरकामात एवढी दमते, वेगळा व्यायाम कशाला?’ हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पाट्यावर वाटण, आडावरचे पाणी, हाताने धुतलेली चादर आणि उकिडवे बसून पुसलेली फरशी हा व्यायामच होता. पण मिक्सर, नळ, वॉशिंग मशीन आणि ओट्याशी उभे राहून केलेला स्वयंपाक यांत थकवा राहिला, श्रम गेले. चार तास उभे राहून पाय भरून येतात. मांडीच्या स्नायूला मात्र त्यात फारसे काम पडत नाही. ‘मी रोज प्राणायाम करतो’ यालाही तेच उत्तर. मन शांत होत असेल, रक्तदाबाला मदत होत असेल. पण श्वासाने मोठे स्नायू हलत नाहीत. दमाने घातलेले सूर्यनमस्कार ही वेगळी गोष्ट, ते या हिशेबात धरावेत. ‘गुडघे दुखतात’ म्हणणाऱ्यांनी सांधेदुखीच्या डॉक्टरांना विचारावे. गुडघ्याच्या झिजेवरही मांडीचे स्नायू बळकट करणे हाच पहिला उपाय आहे. आणि ‘आहार सांभाळला की झाले’ असे मानणाऱ्यांसाठी एक आठवण. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीत दिवसातून दोनदा ५५ मिनिटांत जेवण उरकायचे, त्याचबरोबर ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, असेही आहे. गावोगाव चर्चा झाली ती ५५ मिनिटांची.

गंभीर आक्षेप वेगळा आहे, आणि तो संशोधनातूनच आलेला आहे. अमेरिकेत ५,१४५ मधुमेही रुग्णांवर आहार, व्यायाम आणि वजन घटवण्याचा जोरदार कार्यक्रम जवळजवळ दशकभर चालला, आणि २०१२ मध्ये तो थांबवावा लागला, कारण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांत दोन्ही गटांत फरक दिसेना. मग एवढा खटाटोप कशासाठी? पण त्याच अभ्यासात कार्यक्रमातल्या लोकांना औषधे कमी लागली, मूत्रपिंडाचा त्रास कमी झाला, झोपेतला श्वासाचा अडथळा घटला, चालण्या-फिरण्याची ताकद टिकली. शिवाय तुलनेच्या गटालाही रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची चांगली औषधे मिळत होती. उलट दाचिंगच्या गटांकडे तीस वर्षांनी पाहिले, तेव्हा सहा वर्षे व्यायाम-आहार सांभाळलेल्यांत मधुमेह सुमारे चार वर्षे उशिरा आला आणि हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार २६ टक्क्यांनी कमी झाले. यातून मी एवढेच म्हणेन की व्यायाम हे औषधांच्या जागी घ्यायचे औषध नव्हे, आणि उशिरा सुरू केला तर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. ‘मधुमेह मुळापासून घालवा’ अशा जाहिराती करणाऱ्यांना हे सोयीचे नाही. भूक मारणारी नवी साप्ताहिक इंजेक्शने आल्यावर तर व्यायामाची गरज वाढली आहे, कारण त्यांनी उतरणाऱ्या वजनात काही भाग स्नायूंचा असतो.

धोकेही सांगायला हवेत, कारण मात्रा असलेल्या औषधाला पथ्य असतेच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाने शुगर ७०च्या खाली घसरू शकते, कधी काही तासांनी, रात्री झोपेतही. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी. उलट कधी जोरकस व्यायामानंतर शुगर वाढलेली दिसते. तेव्हा यकृत आपला साठा सोडत असते, त्याने घाबरायचे कारण नाही. डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्रावाची भीती असेल तर श्वास रोखून जड वजन उचलू नये. छातीत दुखते, थोडे चालून धाप लागते, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. टाइप-१च्या रुग्णांनी इन्सुलिनची मात्रा, खाणे आणि व्यायाम यांचा मेळ डॉक्टरांबरोबर बसवावा. त्यांचे इन्सुलिन व्यायामाने सुटत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात दहा कोटींवर मधुमेही असल्याचे दिसले, आणि प्रमाणात गोवा पहिला, २६.४ टक्के. याच पाहणीच्या आधीच्या टप्प्यात महाराष्ट्रासह चार प्रदेशांतल्या निम्म्याहून अधिक लोकांची हालचाल अपुरी निघाली होती, आणि हौसेने व्यायाम करणारे शेकडा दहासुद्धा नव्हते. स्त्रियांचे प्रमाण सगळीकडेच आणखी वाईट. रात्री जेवणानंतर बाईने एकटीने दहा मिनिटे चालावे असा दिवे असलेला, कुत्री नसलेला, उखडलेला नसलेला पदपथ किती वॉर्डांत आहे, हा प्रश्न नगरसेवकाला मधुमेहाच्या नावाने विचारायला हरकत नाही. तोपर्यंत इमारतीचा जिना आणि गच्ची आहे.

आणि शंभर योजने चालायला निघण्याआधी पायात मऊ, बंद बूट घाला. मधुमेहात तळव्याची संवेदना जाते. खडा टोचलेला कळत नाही. फिरून आल्यावर मोजे काढून तळवे बघा, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघा. फोड किंवा लालसर डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवा आणि तो बरा होईपर्यंत चालणे बंद ठेवा. बाटली उचलणे तेवढे चालू ठेवा, खुर्चीत बसूनही ते जमते; पाय विश्रांतीला असले तरी दंडाचे स्नायू साखर घेतच असतात.